सुतक धरणारी घरं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या आत्याचे. वडिलांची थोरली बहीण. मी चौथी पास झालो त्या उन्हाळ्यात ती जयसिंगपूरहून आमच्या गावी आली, माझे दोन शर्ट आणि एक पांघरूण पिशवीत भरलं आणि वडिलांना म्हणाली, "ह्याला मी न्हेतो. हितं ऱ्हायला तर ऊसच तोडंल." वडील नको म्हणाले नाहीत. शिरोळकडच्या आमच्या गावात थोरल्या बहिणीपुढं बोलायची रीत नव्हती आणि आत्यापुढं बोलायची सोयही नव्हती.

तिच्या दोन मुली आणि तिसरा मी; तिच्या यजमानांना मी मामा म्हणायचो. पाचवीपासून बारावीपर्यंत मी तिच्या घरी वाढलो. ती स्वतः चौथी शिकलेली. संध्याकाळी भाकरी थापताना ती मला धडा मोठ्यानं वाचायला लावायची आणि मध्येच थांबवून विचारायची, "आसं का झालं पर?" पुस्तकात उत्तर नसलं तर म्हणायची, "उद्या गुरुजीस्नी इचार. न इचारता ईऊ नको." पुढं मी कोल्हापुरात पदवी घेतली. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेला पहिला मी. आज मी कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि वर्गात "असं का झालं?" हे विचारताना आवाज माझा असला तरी प्रश्न तिचा असतो.

घराण्याचा इतिहास लिहायचं मी ठरवून सुरू केलं नाही. भावकीतली एक म्हातारी वारली, तेव्हा ते सुरू झालं. सकाळची वेळ होती. पुरुषमंडळी अंगणात बसून निरोप कुणाकुणाला द्यायचे ते मोजत होती. हातात मोबाईल होते, पण मोजणं बोटांवरच चाललं होतं. एकोणीस घरांवर गाडी अडली. कुणी म्हणे झाली, कुणी म्हणे अजून दोन राहिली. तेवढ्यात बायकांतून आत्या उठून आली.

"बोटं काय मोडतायसा? तेवीस घरं हाईत," ती म्हणाली. "लिव रं तू."

मी खिशातल्या डायरीत लिहू लागलो. ती डोळे मिटून एकेक घर सांगत गेली. वरच्या गल्लीची इतकी, मळ्यातली इतकी, इचलकरंजीला गेलेलं एक, सांगलीचं एक. बाविसाव्या घरापर्यंत तिचा आवाज एका लयीत होता. मग जरा थांबून ती म्हणाली, "आन चंदगडचं एक."

वडील हळूच म्हणाले, "व्हय. निरोप तेवढा द्या."

दिवस पार पडल्यावर मी तिला विचारलं, की एवढं पाठ कसं? ती हसली. "आपली वंशावळ कागदात न्हाय बाबा, सुतकात हाय. बारशाला कोण आल्तं कुणाला आठवतंय? लग्नाला तर माणसं रुसून येत न्हाईत. पर सुतक रुसत न्हाय. ज्यानं आपलं सुतक धरलं आन ज्याचं आपण धरलं, तेवढं आपलं घर."

मला ते इतकं पटलं की कोल्हापुरात परत आल्यावर मी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक घराला काही पानं सोडून तेवीस घरं लिहून काढली. तेविसाव्या घराच्या पानावर नुसतं 'चंदगड' लिहिलं. खाली लिहायला माझ्याकडं काही नव्हतं.

त्या घराची गोष्ट आत्यानंच सांगितली. ती पन्नासेक वर्षांपूर्वीची, तिच्या लग्नातली होती.

आमच्या भावकीच्या दोन पाती, म्हणजे दोन शाखा. गावच्या जत्रेत देवीपुढं पहिला नारळ थोरल्या पातीचा आणि मांडवात पहिला फेटाही थोरल्या पातीला. हा मान आमच्या घरी. आत्याच्या लग्नात तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पहिला फेटा आपल्या डोक्याला बांधून घेतला. तेव्हा दुसऱ्या पातीचे तिचे चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, की थोरली पाती आमची. आजोबा म्हणाले, "कवापासनं?" एवढंच. चुलते उठले. पंगतीत त्यांच्या घरचे जितके होते तितके सगळे उठले.

"पानं वाढल्याली तशीच," आत्या म्हणाली. "मी मुंडावळ्या बांधून बघतोय. एकानंबी घासाला हात लावला न्हाय." पुढं त्या चुलत्यांनी गावच सोडलं आणि सासरवाडीच्या आधारानं चंदगडला जाऊन राहिले. तेव्हापासून लग्नाच्या पत्रिका बंद, येणं-जाणं बंद. दोन्ही घरांत एकच गोष्ट चालू राहिली, ती म्हणजे कुणी वारलं की निरोप आणि त्या निरोपाचं सुतक.

"मग खरा थोरला कोण?" मी विचारलं.

"माझा बा खोटं बोलणारा न्हवता," ती म्हणाली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्यापायी मोडलं न्हाय ते. पर माझ्या लग्नात मोडलं."

पुढची दोन वर्षं सुट्टी मिळेल तशी मी बाकीची बावीस घरं फिरलो. सुरुवातीला मी एखाद्या सर्वेक्षणाला गेल्यासारखा गेलो, वही उघडी आणि पेन हातात. पहिल्याच घरी एका चुलत्यांनी वहीकडं बघून दार अर्धं पुढं केलं.

"वंशावळ? कशाला? वाटणी काढतोस का काय?"

"नाही ओ काका, आठवण म्हणून."

"आठवण! सातबाऱ्याला नाव लावायच्या आधी समद्यास्नी आठवणच येतीया."

मी घरी पोचायच्या आत त्यांचा फोन वडिलांना गेला होता. वडिलांनी मला झापलं. मी जयसिंगपूरला जाऊन आत्यापुढं रडगाणं गायलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शहाणपणाची एकच गोष्ट सांगितली. "वही पिशवीत ठेव. गेल्या गेल्या बापजाद्यांचं इचारू नको, त्येच्या मागं जमीन असती. त्येंच्या आईचं म्हायार कंचं ते इचार. आईच्या म्हायाराचं कुणी खोटं सांगत न्हाय, आन एकदा सुरू झालं की थांबतबी न्हाय."

तसंच झालं. तेच चुलते पुढच्या खेपेला आपल्या आईच्या माहेरच्या बैलजोडीवर तासभर बोलले आणि बोलता बोलता सात माणसं माझ्या वहीत आली. मीही शिकत गेलो. कुणी काय सांगितलं ते त्याच्या नावासकट लिहायचं. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या. उठायच्या आधी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, कारण वाचायला लागलं की आतून एखादी चुलती हमखास ओरडते, "त्येच्या आदी एक पोरगी हुती की! ती ऱ्हायली!" पुरुषांनी सांगितलेली वंशावळ उभी होती, बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा. ती आडवी पसरली ती स्वयंपाकघरातून आलेल्या अशा हाकांनी.

लिहून झालेली पानं मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू लागलो. एरवी तिथं वाढदिवस आणि उसाची तोड एवढंच असायचं. आता लोक पानं मोठी करून बघू लागले. इचलकरंजीच्या घरातून तर बारसं व्हायच्या आधीच बाळाचं नाव आलं, वहीत जागा धरून ठेव म्हणून.

आत्या दर खेपेला वही मागून घ्यायची. चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून वाचायची. शेवटच्या पानाशी आली की बोट थांबायचं. विचारायची काही नाही. वही मिटून परत द्यायची.

एका मे महिन्यात मी तालुक्याच्या कचेरीत जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी बघायला गेलो. नोंदी मोडी लिपीत होत्या. दाखल्यांसाठी जुने कागद शोधणाऱ्यांची तिथं गर्दी होती आणि मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ भिंग घेऊन बाकावर बसायचे. त्यांच्या आधारानं मी चार दिवस घालवले. चौथ्या दिवशी माझ्या पणजोबांचा जन्म सापडला. मला इतका आनंद झाला की मी बाकावरून उठून उभा राहिलो.

"बसा, बसा," ते म्हणाले. "आता जरा मागं जाऊ. बापाचं नाव तेच, गाव तेच." पानं उलटत ते तीन वर्षं मागं गेले आणि भिंग एका ओळीवर ठेवलं. "हा आणखी एक मुलगा. तुमच्या पणजोबांचा थोरला भाऊ."

ते नाव मला माहीत होतं. चंदगडच्या घराचा मूळपुरुष तोच.

पुढं मृत्यूच्या नोंदीतही तो सापडला. तरणाताठा असताना साथीत गेलेला. गृहस्थांनी भिंग पुसलं. "बघा, असं झालं असणार. थोरला गेला, त्याचं पोर लहान. धाकट्यानं दोन्ही घरं ओढली. जत्रेत नारळ कुणी द्यायचा? जो कर्ता त्यानं. पुढं ओढणाराच थोरला ठरतो. अशी दहा घरं दाखवतो तुम्हाला."

म्हणजे कुणी कुणाला फसवलं नव्हतं. पण त्या मांडवात चुलते खरं बोलले होते आणि माझे आजोबा चुकले होते.

मी दोन्ही नोंदींच्या नकला घेतल्या. वडिलांना दाखवल्या. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलेलं असेल. मग म्हणाले, "नारळाचं एक ऱ्हाऊ दे, त्ये बघता ईल. पर अक्काला दावू नको. बा तिच्या मनातनं खाली उतरंल. ह्या वयात कशाला?"

मला ते पटलं, किंवा पटवून घेणं सोयीचं वाटलं. मी मोठ्या कागदावर सगळ्या घराण्याचा वृक्ष काढला तेव्हा त्या दोन भावांना एकाच रेषेवर ठेवलं आणि जन्माचं साल कुणाचंच लिहिलं नाही. आत्यानं तो कागद जाजमावर पसरला, बोट वर वर नेत त्या दोघांपाशी आणलं आणि विचारलं, "ह्यातला थोरला कोण?"

"अजून बघायचंय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. पुढं तीन-चार महिने मी जयसिंगपूरला गेलो की ती खायला घालायची, शाळेचं विचारायची, पण वही मागायची नाही. मी दहावीला असताना एकदा गणिताचे गुण लपवले होते, तेव्हा ती अशीच वागली होती.

शेवटी मी चंदगडला जायचं ठरवलं. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. ज्यांचं खरं होतं त्यांना तरी ते सांगावं, असं काहीसं डोक्यात होतं. त्या घराचा फोन नंबर भावकीत होता, पण त्या नंबरावर आमच्याकडून फोन गेला की तो मयताचाच, हे मला माहीत होतं. उगाच घाबरतील म्हणून मी फोन केला नाही. आपण फार विचार केला, असं मला वाटत होतं.

एसटीनं चंदगड, तिथून दुसऱ्या गाडीनं गाव. झिमझिम चालू होती. भाताच्या खाचरांवरून वाट गेली होती आणि घराच्या अंगाला काजूची झाडं होती. साधारण माझ्या वयाची एक बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्या घरची सून.

"कोण पावणं?"

"मी शिरोळकडनं आलोय. भावकीतला."

तिचा हात सुपातच थांबला. तरी रीतीप्रमाणं ती उठली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढं धरला. मी स्टँडवर नुकताच चहा घेतला होता आणि मनात बोलायची वाक्यं जुळवत होतो.

"पाणी नको," मी म्हणालो. "आधी आप्पांना भेटायचंय. थोडं सांगायचंय."

तिनं तांब्या तिथंच पायरीवर ठेवला, डोक्यावरून पदर ओढला आणि न बोलता आत गेली. मी पायरीशी उभा. आत या असं कुणी म्हणालं नव्हतं. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. परसात बादली सरकली, पाणी पडायला लागलं. मग दाराच्या चौकटीला धरून सत्तरीचे एक गृहस्थ बाहेर आले. हेच आप्पा, आत्याचे चुलतभाऊ. तिच्या चुलत्यांचा मुलगा.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"आरं कोण गेलं त्ये सांग. अक्का गेली का?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मयताचा निरोप घेऊन आलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही आणि त्या घरचं पाणी घेत नाही. लहानपणी मी हे शंभरदा पाहिलं होतं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

"कुणी गेलेलं नाही आप्पा! सगळी बरी आहेत. आत्या बरी आहे. कालच फोन झाला."

त्यांनी पायरीवरच्या तांब्याकडं बघितलं. "मग पाणी का नको म्हणालास?"

"तहान नव्हती."

"तहान न्हवती!" त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि मग जो आवाज चढवला तो शिरोळचा होता, चंदगडचा नव्हे. "लेका, कितवी शिकलायस?"

"एम. एस्सी., बी. एड."

"ऐकलंस गं?" ते आत ओरडले. "एवढं शिकून दारात उभा ऱ्हाऊन पाणी नको म्हणतंय!"

सून पदर सारून बाहेर आली. "म्या भाजी उतरून ठेवली मामंजी. घरादाराचं अंघोळीचं पाणी काढलं."

"काढलंयस न्हवं? मग ह्या पावण्यालाच घाल आंघोळ!"

मी पायरीवरचा तांब्या उचलला आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या तळापर्यंत प्यालो. सून तोंडाला पदर लावून हसत होती. आप्पा म्हणाले, "आता आत ये."

जेवणं झाल्यावर ते बोलू लागले. आत्यापेक्षा ते दोन वर्षांनी लहान. तिच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान त्यांना दिला होता, कारण सख्खा भाऊ, म्हणजे माझे वडील, सात वर्षांचे होते आणि नवरदेवाच्या कानापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. नवा शर्ट घालून ते मांडवात टपून बसले होते. तेवढ्यात फेट्यावरून वाद झाला आणि बापानं दंडाला धरून त्यांना उठवलं.

"अक्का माझ्याकडं बघत हुती," ते म्हणाले. "मी म्हणालो, बा, कान तेवढा पिळून येतो. बा म्हणाला, चल. त्या दिवसापासनं निरोप आला की मला अक्काच दिसती. नाव कळंपातूर."

मी पिशवीतून नकला काढून त्यांच्यापुढं ठेवल्या आणि काय लिहिलंय ते वाचून सांगितलं. त्यांनी कागदाला हात लावला नाही.

"माझा बा ह्येच म्हणत म्हणत गेला," ते म्हणाले. "शेवटी शेवटी आमीच म्हणायचो, बा, सोड आता." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "अक्कानं बघितलं ह्ये?"

"नाही."

"का?"

मी वडिलांचं म्हणणं सांगितलं. तिच्या मनातून आजोबा उतरतील, हे सांगितलं. मी तिला काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ते ऐकत असताना आप्पांचा चेहरा कठीण होत गेला.

"बापाचं ऐकून मी उठलो आन पन्नास वर्सं गेली," ते म्हणाले. "तूबी बापाचंच ऐक. मला नारळ नको, फेटा नको. देवळाच्या पायरीला बसायचं वय झालं माझं. मला अक्काला भेटायचंय. पर तिला म्हाईत नसताना मी तिच्या दारात जाणार न्हाय. म्हंजे मला खरं ठावं, तुला ठावं, आन तिच्यापुढं आपण दोघं हसत बसायचं? त्ये मला जमणार न्हाय. आदी तिला सांग. समदं. मग ती ये म्हणाली तर यीन. न्हाय म्हणाली तर ऱ्हायलं."

परतीच्या गाडीत मी आप्पांनी दिलेली काजूची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. आत्याला तिच्या वडिलांपासून वाचवायला मी निघालो होतो आणि खरं तर वाचवत होतो स्वतःला, तिच्या त्या एका प्रश्नापासून. ज्या बाईनं मला न विचारता परत येऊ नको असं शिकवलं, तिला मीच सांगायचं टाळत होतो. हा विचार मला गडहिंग्लजच्या पुढं कुठंतरी आला आणि घरी पोचेपर्यंत गेला नाही.

फोनवर तिला आताशा कमी ऐकू येतं आणि अशी गोष्ट ओरडून सांगायची नव्हती. समोर बसून सांगितलं असतं तर तिचा चेहरा बघून मी निम्मं गिळलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी पत्र लिहिलं. तिला वाचायला सोपं जावं म्हणून एक ओळ सोडून, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दोन्ही नकला सोबत घातल्या. ते पत्र असं होतं.

आत्या,

तुझ्या पाया पडतो आणि आधी चूक कबूल करतो. दोन भावांतला थोरला कोण असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, अजून बघायचंय. मी बघितलं होतं. थोरले चंदगडचे. सोबत दोन कागद आहेत. अक्षर मोडी आहे, पण खाली मी आपल्या अक्षरात लिहून दिलंय. तू बोट ठेवून सावकाश वाच.

तुझे वडील खोटं बोलले नाहीत. थोरले आजोबा तरुणपणी साथीत गेले आणि धाकट्यानं, म्हणजे तुझ्या आजोबांनी, दोन्ही घरं सांभाळली, म्हणून नारळ आपल्याकडं आला. तुझ्या वडिलांनी जन्मल्यापासून तोच नारळ आपल्या घरातून जाताना पाहिला. त्यांना जे माहीत होतं ते ते बोलले. पण चुलत्यांचं खरं होतं. दोन्ही गोष्टी मी वहीत लिहितोय, एक खोडून दुसरी नाही.

तुला सांगू नये असं मला सांगण्यात आलं होतं. कुणी ते विचारू नकोस. ऐकलं मी, तेव्हा दोष माझा.

काल मी चंदगडला गेलो होतो. आप्पा भेटले. मी दारात पाणी नको म्हणालो आणि त्यांना वाटलं मी निरोप घेऊन आलोय. आत्या, त्यांनी पहिलं नाव तुझं घेतलं. माझ्यासमोर रडले. मग मला शिव्या घातल्या, त्या तुझ्यासारख्याच होत्या. नवरदेवाचा कान पिळायचा राहिला हे त्यांना अजून लागतं. मांडवात तू त्यांच्याकडं बघत होतीस, हे त्यांना पाठ आहे. मामांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

त्यांना मान नको आहे. त्यांना तुझ्याकडं यायचंय. पण तुला सगळं कळल्याशिवाय येणार नाही म्हणाले. आता तुला कळलं. त्या घराचं पान मी तुझ्या उत्तरासाठी रिकामं ठेवलंय असं नाही, ते भरलंय. त्यांची सून, दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडं सहा. सगळ्यांची नावं मागच्या कागदावर लिहिलीत. सून तुझ्यासारखीच भाकरी करते, काठ पातळ.

तुला राग आला असेल तर तो तुझ्या वडिलांवर काढू नकोस, माझ्यावर काढ. मी जवळ आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. तू 'बोलाव' म्हणालीस तर तिथूनच चंदगडला फोन लावू आणि हॅलो म्हणायच्या आधी 'सगळी बरी आहेत' असं सांगू. 'नको' म्हणालीस तरी मी जेवायला थांबणार आहे.

तुझा भाचा